लॅटिनो घरांतली उशिरा झोपणारी बाळं आणि वाढतं वजन : सॅलिनासहून

रानजाई | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी गेली नऊ वर्षं कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या खोऱ्यात एका छोट्या क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ आहे. अमेरिकेत सुपरमार्केटात जो लेट्यूसचा गड्डा मिळतो तो उन्हाळ्यात बहुतेक इथूनच गेलेला असतो, शिवाय स्ट्रॉबेरी, ब्रोकोली. तोडणारे हात जवळजवळ सगळे मेक्सिकोतून आलेल्यांचे, मिचोआकान, ओआहाका वगैरे, काहींना तर स्पॅनिशही नीट येत नाही, घरात मिश्तेक किंवा त्रिकी बोलतात.

माझ्याकडे येणारी मुलं पाच वर्षांच्या आतली. वजन-उंची घ्यायची, ग्रोथ चार्टवर टिंब मारायचं, आणि टिंब वरच्या रेघेच्या पलीकडे गेलं की आईशी बोलायचं. ज्यूस किती, सोडा किती, तोर्तिया किती, चिप्स किती. नऊ वर्षं हेच विचारत आले.

मार्चमध्ये एक आई आली, मुलगा अडीच वर्षांचा, गोड आहे अगदी, वाघाचं चित्र असलेलं ते जाड ब्लँकेट असतं ना मेक्सिकन घरांत, ते ओढत ओढत आत आला. वजन ९७व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांपेक्षा जास्त. मी नेहमीचे प्रश्न विचारले, आईची उत्तरं ठीकच होती, ज्यूस तिने आधीच कमी केला होता. मग पोरगं तिच्या मांडीवर सकाळी साडेदहाला गाढ झोपून गेलं म्हणून मी सहज विचारलं की हा रात्री झोपतो किती वाजता.

तर पावणेअकरा. एका घरात तीन कुटुंबं भाड्याने, प्रत्येकाला एक खोली. यांच्या खोलीत आई, बाबा, आजी आणि दोन मुलं. बाबा सॅलड पॅकिंगच्या प्लांटमध्ये रात्रपाळीला, ते साडेदहाला बाहेर पडेपर्यंत खोलीत दिवा आणि टीव्ही. आणि पहाटे साडेचारला आईला शेतावर जायचं म्हणून पोराला त्याच ब्लँकेटात गुंडाळून सिटरकडे, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे सोडायचं, तिथे तो पूर्ण जागा होतो. म्हणजे रात्रीची झोप पावणेसहा तास, दुपारची दीडेक. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप हवी असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय आणि डब्ल्यूएचओनेही २०१९ मध्ये तेच आकडे दिलेत. हा सव्वासात तासांवर चाललाय.

त्या दिवसापासून मी प्रत्येक आईला झोपेचं विचारायला लागले आणि जे ऐकतेय त्याने फार अस्वस्थ व्हायला होतं. इथे कोणी डॉक्टर, आया, लॅटिनो कुटुंबात लग्न झालेल्या कोणी असतील तर प्लीज लिहा.

---

केतकी७८ | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

रानजाई, तळमळीने लिहिलंयस, पण एक प्रामाणिक शंका. झोप कमी झाली तर मूल किरकिर करेल, आजारी पडेल, पण वजन वाढेल कसं? उलट जास्त वेळ जागा राहिला तर जास्त पळेल ना? मला वाटतं मूळ गरिबी आणि स्वस्त जंक फूड हेच असणार, झोप हे नवीन काहीतरी निघालंय.

---

पिंपळपान | १५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मी ह्यूस्टनला बालरोगतज्ज्ञ आहे, माझे निम्म्याहून जास्त पेशंट हिस्पॅनिक, म्हणजे रानजाई म्हणते ते लॅटिनोच. केतकीताईंचा प्रश्न योग्य आहे, मलाही रेसिडेन्सीत असताना हाच पडला होता.

तर कसं होतं बघा. भूक लागल्याचं सांगणारं घ्रेलिन आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन अशी दोन हार्मोन्स आहेत. मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत, २००४ च्या आसपास, झोप तोडली की लेप्टिन खाली आणि घ्रेलिन वर गेलेलं दिसलं, म्हणजे पोट भरलेलं असूनही खावंसं वाटतं आणि तेही गोड, तळकट. लहान मुलांच्या बाबतीत हार्मोनांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते, आणि ती कुठल्याही आईला विचारा, सांगेल. झोप न झालेलं मूल रडतं. रडणाऱ्या मुलाला गप्प करायचा सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे तोंडात काहीतरी देणं. शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब झोपलेलं असेल तर तो उपाय आणखीच जवळचा होतो. आणि जास्त पळेल म्हणालात, तसं होत नाही हो, अर्धवट झोपेतलं मूल पळत नाही, लोळतं, मग त्याच्या हातात फोन येतो.

आकडे हवे असतील तर, २०१० मध्ये अमेरिकेतल्या ८,५५० चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला होता. त्यात तीन सवयी पाहिल्या, घरच्यांबरोबर रात्रीचं जेवण, रात्री किमान साडेदहा तास झोप, आणि दिवसाला दोन तासांच्या आत स्क्रीन. तिन्ही असलेल्या मुलांत लठ्ठपणा १४.३ टक्के, एकही नसलेल्यांत २४.५. मग २०१६ मध्ये ९७७ मुलांचा, त्यांची साडेचार वर्षांची असतानाची झोपायची वेळ बघितली आणि पंधराव्या वर्षी वजन. आठच्या आत झोपणाऱ्यांत १० टक्के लठ्ठ, आठ ते नऊमध्ये १६, नऊनंतर झोपणाऱ्यांत २३.

आता हेही सांगतो की हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आठला झोपणारं मूल ज्या घरात असतं तिथे बाकीच्याही बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात, संशोधक त्यातलं जेवढं वजा करता येईल तेवढं करतात पण सगळं होत नाही. म्हणून कोणी छातीठोकपणे म्हणालं की झोप सुधारा, वजन आपोआप उतरेल, तर मी मान डोलावणार नाही. पण संबंध वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वयांत इतक्या वेळा दिसलाय की न विचारणं ही चूकच. आणि रानजाई, घोरतो का हे विचारत जा. टॉन्सिल वाढलेली मुलं तासांच्या हिशोबात पुरेशी झोपलेली दिसतात पण झोप लागलेली नसते, आणि जाड मुलांत हे जास्त सापडतं.

---

निशिगंध | १५ सप्टेंबर, दुपारी १२:५०

अगं रानजाई, मला लिहायलाच हवं इथे. मी मूळची कोल्हापूरची, नवरा सॅन अँटोनियोचा, तिसऱ्या पिढीतला मेक्सिकन-अमेरिकन, सासूबाई आमच्याकडेच असतात. आमच्याकडे रात्रपाळी नाही, घर ऐसपैस, तरी माझी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत साडेदहा-अकरालाच झोपायची. का तर संध्याकाळी घर भरलेलं असतं. दीर येतो, चुलत भावंडं येतात, जेवण होतं आणि मग गप्पा, आणि पोर मांड्यांवरून मांड्यांवर फिरत असते. तिला आठला उचलून अंधाऱ्या खोलीत नेणं म्हणजे मला स्वतःलाच शिक्षा दिल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगू, कोल्हापूरला माझ्या माहेरी काय वेगळं होतं, आम्ही पण दहाला बाबांबरोबर ताटावर बसायचो.

दुसरं म्हणजे बाटली. रात्री झोपताना बिबेरोन, त्यात दूध, दुधात चुरलेली मारिया बिस्किटं. गायेतास मारिया म्हणतात, आपल्याकडच्या मारीचीच बहीण. कधी आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाची गोड पेज. सासूबाईंचं म्हणणं की पोट जड असलं की मूल रात्रभर उठत नाही. डॉक्टर म्हणाले बाटली वर्ष-दीड वर्षापर्यंत सोडवायची, मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंना इतकं लागलं ते. त्या काही बोलल्या नाहीत पण दोन दिवस स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

आणि गोर्दितो, गोर्दिता. गुटगुटीत. हा त्यांच्याकडे लाडाचा शब्द आहे, नवरा मलाही म्हणतो. डॉक्टरने त्याच अर्थाचा शब्द चार्टवर लिहिला की आईच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी वेटिंग रूममध्ये पाहिलंय.

---

गोधडी | १५ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

मी साताऱ्याची, वय ६८. धागा वाचला. रानजाई, निशिगंध, तुम्ही दोघी पोरी शहाण्या आहात, पण आजीची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

बाळसं हा शब्द आमच्या पिढीने हौसेने नाही धरला. ७२ च्या दुष्काळात माझी धाकटी बहीण गेली, दीड वर्षाची होती, आधी जुलाब झाले आणि मग अंगावर काही उरलंच नाही. ज्या घराने असं मूल हातात धरलंय त्या घराला जाड मूल म्हणजे जिवंत राहणारं मूल वाटतं. अंगावर चार दिवस ताप काढायला काहीतरी हवं की. ती मेक्सिकोची आजी डोंगरातून आलेली असेल, तिनेही हे पाहिलंच असणार. तिला तुमच्या चार्टातली रेघ दाखवून काय कळणार? आणि दोन दिवस स्वयंपाकघरात आली नाही ती रागाने नसेल गं निशिगंध, आपण नातीचं वाईट केलं की काय या धास्तीने नसेल आली.

मला एवढंच विचारायचंय, तुम्ही क्लिनिकात आजीला बोलावता का?

---

रानजाई | १६ सप्टेंबर, पहाटे ५:३०

गोधडी आजी, रात्रभर तुमचं वाचलेलं डोक्यात होतं. तुमच्या बहिणीबद्दल वाचून खूप वाईट वाटलं.

नाही, बोलावत नव्हते. नियम म्हणून अपॉइंटमेंट आईची आणि मुलाची. पण आमच्याकडे प्रोमोतोरा असतात, त्यांच्यातल्याच बायका, प्रशिक्षण घेतलेल्या, त्या घरी जातात. मी त्यांच्यातल्या एकीबरोबर त्या मुलाच्या घरी एप्रिलमध्ये गेले होते, ते सांगायचं राहिलं होतं.

आजी ओआहाकाच्या. हातावर पोराला बांधतात तसलं लाल मणी आणि बी असलेलं ब्रेसलेट नातवाच्या मनगटात, माल दे ओहो लागू नये म्हणून, म्हणजे आपली दृष्टच. मी म्हटलं आमच्याकडे काजळाची तीट लावतात, मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तर त्या इतक्या खुलल्या. मग अर्धा तास वजनाचा विषय काढलाच नाही. त्यांनीच विचारलं, हा दिवसभर रडतो का, सिटर तक्रार करते. तिथून बोलणं झोपेवर आलं. झोपेबद्दल बोलताना कोणालाच अपमान वाटत नाही हे मला तिथे कळलं. खाण्याबद्दल बोललं की आई आणि आजी दोघी आरोपीसारख्या बसतात, झोपेबद्दल बोललं की बाजूला बसून विचार करतात.

ठरलं काय ते सांगते. टीव्ही बाबांच्या शिफ्टपर्यंत चालू असायचा तो आठला बंद, बाबा जेवण झाल्यावर बाहेर पायरीवर बसायला लागले, ते स्वतःहून, मी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात दोरी बांधून जाड चादरीचा पडदा. बाटली आजी देत होत्या, ती एकदम बंद नाही करायची, जेवणानंतर लगेच कपातून दूध, मग दात पुसायचे, मग झोपताना बाटलीत फक्त पाणी, आणि बिस्किटं सकाळच्या दुधाबरोबर. आणि अंगाई आजींनीच म्हणायची, कारण पोराला बाटलीपेक्षा आजी हवी होती असं माझं मत.

बाटलीचं म्हणाल तर त्यावरही आकडे आहेत. २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात ६,७५० मुलं होती, दोन वर्षांची झाल्यावरही बाटली चालू असलेल्यांत साडेपाच वर्षांपर्यंत लठ्ठपणा २२.९ टक्के, सुटलेल्यांत १६.१.

मला आता निघायचंय, बाकी संध्याकाळी.

---

सह्याद्रीकर | १६ सप्टेंबर, सकाळी १०:१०

शिकागोहून. वाचतोय सगळं. एक प्रश्न डॉक्टरांना, हिस्पॅनिक मुलांत लठ्ठपणा खरंच इतका जास्त आहे का, की गरिबांची तपासणीच जास्त होते म्हणून तसं दिसतं? आणि हे जनुकीय कितपत असतं? आपल्या लोकांतही डायबेटिसचं असंच म्हणतात म्हणून विचारतोय.

---

पिंपळपान | १६ सप्टेंबर, दुपारी १:३०

सह्याद्रीकर, हे आकडे दवाखान्यातले नाहीत, सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था देशभरातून नमुना निवडून प्रत्यक्ष वजन-उंची मोजते. २०१७ ते मार्च २०२० चे आकडे असे, २ ते १९ वयात एकूण १९.७ टक्के, हिस्पॅनिक मुलांत २६.२, गोऱ्यांत १६.६, कृष्णवर्णीयांत २४.८, आशियाईंत ९. फरक खरा आहे.

जनुकं असतात थोडी, पण एका पिढीत जनुकं बदलत नाहीत आणि वजनं तर बदलली. शिवाय हिस्पॅनिक म्हणजे एक समाज नाही हो. मायामीचा क्यूबन, ब्राँक्समधला पोर्तो रिकन आणि सॅलिनासचा मिश्तेक यांना एका रकान्यात टाकणं म्हणजे गोंदियाच्या आणि पणजीच्या माणसाला एकच आहार सांगण्यासारखं. रानजाईच्याच गावात चामाकोस नावाचा अभ्यास १९९९-२००० पासून चाललाय बर्कलीच्या विद्यापीठाचा, शेतमजूर आयांची मुलं गर्भात असल्यापासून पाहतायत, त्यांच्याकडून बरंच शिकायला मिळालं. चामाकोस म्हणजे तिकडच्या बोलीत चिल्लीपिल्ली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलातही कमी उत्पन्नाच्या हिस्पॅनिक आयांना गरोदरपणापासूनच आहाराचं, बाळाची भूक ओळखण्याचं मार्गदर्शन देणारा कार्यक्रम झालाय.

आणि निराश होऊ नका. सरकारच्या विक योजनेत, जी गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना खाणं देते, २००९ मध्ये ज्यूस कमी करून भाज्या-फळं, अख्खी धान्यं, मक्याच्या तोर्तियासुद्धा आणल्या. त्या योजनेतल्या २ ते ४ वर्षांच्या मुलांतला लठ्ठपणा २०१० मध्ये १५.९ टक्के होता तो २०१६ मध्ये १३.९ वर आला.

---

केतकी७८ | १६ सप्टेंबर, रात्री १०:००

डॉक्टर, मला पटायला लागलंय. पण मग एकत्र झोपणं बंद करायचं का? आपल्याकडे तर मूल आईच्या कुशीतच झोपतं, त्यांच्याकडेही तसंच असणार. मला ते अमेरिकन पद्धतीचं वेगळ्या खोलीत रडू देणं बघवत नाही.

---

पिंपळपान | १६ सप्टेंबर, रात्री ११:४५

पहिल्या वर्षाचं वेगळं, तिथे बाळाच्या श्वासाचा प्रश्न असतो, म्हणून खोली एकच पण बाळाला वेगळी, टणक जागा, हे मी सगळ्यांना सांगतो. तिथे तडजोड नाही. पण दोन-अडीच वर्षांचं मूल आजीच्या कुशीत झोपतंय तर झोपू दे. त्याची झोप कुशीमुळे नाही तुटत, दिवा, टीव्ही, फोन आणि मोठ्यांच्या वेळा यांनी तुटते. आणि अडीच वर्षाच्या मुलाला डाएटवर ठेवायचं नसतं कधीच, वजन कमी करायचं नसतं, वाढीचा वेग थोडा आवरला की उंची येऊन गाठते.

---

पाचट | १७ सप्टेंबर, दुपारी ४:२०

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, धागा कालपासून वाचतोय आणि राहवलं नाही. रानजाई ताई, तुम्ही पहाटे साडेचारला ब्लँकेटात गुंडाळलेलं लेकरू लिहिलं ना, ते मी दरवर्षी बघतो. दिवाळीच्या आसपास आमच्या गावची गावं ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते त्यामुळं थांबता येत नाही. कोपीत झोपायचं, पहाटे तीन-चारला गाडी भरायला फडात, लेकरू पाचटाच्या ढिगावर झोपवायचं थंडीत. झोपेचं तुमच्यासारखंच वाटोळं. पण आमची लेकरं जाड नाही होत, वाळतात. शाळेत आल्यावर दंड मोजला तर बोटांत मावतो.

मग मला प्रश्न पडला, झोप दोन्हीकडं मोडलेली, एक जाड एक बारीक, असं कसं?

---

रानजाई | १७ सप्टेंबर, रात्री ८:५०

पाचट सर, तुमचा प्रश्न इथल्या सगळ्या पोस्टींपेक्षा मोठा आहे.

मला वाटतं झोप मोडली की मूल खायला मागतं, रडतं, चिकटतं, हे दोन्हीकडे सारखंच. फरक पुढे आहे, त्या रडण्याला उत्तर म्हणून घरात काय आहे. फडात काही नाही. इथे एका डॉलरला चिप्सचं पाकीट, गोड ज्यूसची बाटली, आणि सिटरकडे सहा मुलं सांभाळायची असतात म्हणून प्रत्येकाच्या हातात काहीतरी. म्हणून मी झोपेलाच सगळा दोष देणार नाही. पण दोन्हीकडे मोडतं तेच, कारणही तेच, मोठ्यांच्या कामाच्या वेळा लहानांच्या शरीरावर पडतात. आईला सांगून काय होणार आठला झोपव म्हणून, तिला साडेचारला उठायचंय ते कोण बदलणार? इथे पहाटे चारला उघडणारी सरकारमान्य पाळणाघरं असती तर माझं निम्मं काम झालं असतं. हे मी मीटिंगमध्ये चार वेळा बोललेय, पाचव्यांदा पण बोलणार.

आणि तुम्हाला माहितेय का, इथेही स्थलांतर आहे. नोव्हेंबरात सॅलिनासचा लेट्यूस संपला की सगळा कारभार अॅरिझोनात युमाला जातो मार्चपर्यंत, सॅलड पॅक करायची यंत्रंसुद्धा ट्रकवर चढवून नेतात. माणसं आठ-नऊ तास गाडी चालवून मागोमाग.

---

निशिगंध | १७ सप्टेंबर, रात्री १०:३०

पाचट सर, वाचून सुन्न झाले.

गोधडी आजी, तुमच्यासाठी लिहितेय. काल सासूबाईंना तुमची पोस्ट स्पॅनिशमध्ये सांगितली, बहिणीचं पण. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या त्यांचाही एक भाऊ गेलाय तसाच, नवऱ्यालाही माहीत नव्हतं हे. बाटली तर कधीच सुटली होती पण आमच्यात ते अवघडलेपण राहून गेलं होतं.

---

गोधडी | १८ सप्टेंबर, सकाळी ८:००

त्यांना माझा नमस्कार सांग बाळा.

---

सह्याद्रीकर | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. रानजाई, त्या मुलाचं पुढे काय झालं?

---

रानजाई | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

सह्याद्रीकर, बरं झालं विचारलंत, कालच आले होते ते.

आता साधारण साडेआठला झोपतो. पहाटेचं उठणं तसंच आहे, ते कोणाला बदलता आलं नाही, पण सिटरने मोठं मन केलं, आतल्या खोलीत दिवा न लावता त्याला त्याच वाघाच्या ब्लँकेटासकट खाली ठेवते आणि तो पुन्हा सात-सव्वासातपर्यंत झोपतो. दुपारची धरून साडेअकरा तास होतात. आठ महिन्यांत वजन थोडंच वाढलंय आणि उंची चांगली, बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची रेघ वर चढायची थांबलीय, अजून ९५व्या पर्सेंटाइलच्या वरच आहे. घोरण्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर विचारलं होतं, घोरतो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरची तारीख मिळालीय पण ती जानेवारीतली आणि इथली.

शनिवारी ते युमाला निघतायत. तिथे सिटर अजून मिळालेली नाही. मी तिथल्या क्लिनिकसाठी सगळं एका कागदावर लिहून दिलंय, झोपेच्या वेळा, बाटलीत पाणी, घोरणं. आजीही बरोबर चालल्यात. आई विचारत होती की सामान सगळं डिकीत जाणार, तर ब्लँकेट कुठे ठेवू. मी म्हटलं डिकीत नको, हाताशी ठेवा, रात्री आठला गाडी कुठेही असली तरी त्याच्या अंगावर घाला आणि आजींना म्हणावं अंगाई सुरू करा.